तेरावं ताट

राजाकडे सोन्याची ताटं होती बारा आणि राज्यात ज्ञानी स्त्रिया होत्या तेरा. मुलगी झाली म्हणून मेजवानी ठरली, एक ताट कमी पडतंय हे लक्षात आलं आणि तेरावीला बोलावणंच गेलं नाही. ग्रिम बंधूंच्या संग्रहातली, शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट या एका ताटावरून सुरू होते. अकरा जणींचे आशीर्वाद देऊन होतात आणि तेवढ्यात ती तेरावी आत येते. कुणाकडे बघत नाही, कुणाची विचारपूस करत नाही. मोठ्या आवाजात एवढंच म्हणते, की पंधराव्या वर्षी राजकन्येला चाती टोचेल आणि ती मरून पडेल. मग पाठ फिरवून चालती होते.

मी गेली कित्येक वर्षं मुलांना गोष्टी वाचून दाखवते. या गोष्टीत मी दर वेळी त्या ताटांपाशी जरा थांबते, कारण तिथे फार मोठं काहीतरी फार थोड्या शब्दांत सांगून टाकलेलं आहे. तेरावीचा अपमान खरा आहे. तिची काहीच चूक नव्हती; कमी पडलं ते राजाचं ताट. आणि या अपमानाची शिक्षा तिने दिली ती पाळण्यातल्या मुलीला, जिने अजून कुणाचं काहीच बिघडवलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच दालनात, एकाच क्षणी उभ्या आहेत आणि एकीमुळे दुसरी खोडली जात नाही. शार्ल पेरोच्या १६९७ च्या फ्रेंच गोष्टीतही असंच आहे. तिथली म्हातारी परी पन्नासहून जास्त वर्षं मनोऱ्याबाहेर पडलेली नाही. ती मेलीच असेल असं धरून तिला कुणी बोलावत नाही. ती आल्यावर तिला बसायला जागा मिळते, पण बाकी सात जणींपुढे ठेवलेला, चमचा-काटा-सुरीचा सोन्याचा डबा तिच्यापुढे येत नाही, कारण डबे सातच घडवलेले असतात. म्हणजे दुष्ट परीची बाजू जुन्या गोष्टीत आधीपासूनच आहे. ती कुणी बाहेरून आणून घालावी लागत नाही.

खलपात्राच्या बाजूने जुनी गोष्ट पुन्हा सांगायची, ही आता मळलेली वाट झाली आहे. कादंबऱ्या, चित्रपट, रंगमंच, लहान मुलांची चित्रपुस्तकं, सगळीकडे चेटकीण, सावत्र आई, लांडगा, राक्षस आपापली कैफियत घेऊन पुढे येत आहेत. मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि म्हणूनच त्यात जे काही चाललं आहे त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा मला राग येतो. एखाद्याची कैफियत ऐकणं वेगळं आणि त्याचं वकीलपत्र घेणं वेगळं. ऐकणाऱ्याला सगळं ऐकून घ्यायचं असतं. वकिलाला अशिलाच्या विरोधात जाणारा पुरावा नको असतो.

आवडतो तो का, हे आधी सांगते.

खलनायक पुष्कळदा घडवलेले असतात. ते कळायला ग्रिम बंधूंच्याच आवृत्त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत सख्खी आई मुलीला जन्म देऊन मरते आणि तिच्या जागी सावत्र आई येते. मुलांना रानात सोडून द्यायला नवऱ्याला भाग पाडणारी हॅन्सेल आणि ग्रेटेलची आईसुद्धा पुढे, १८४० च्या चौथ्या आवृत्तीत, सावत्र झाली. घराघरांत वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात पोटची आई इतकी क्रूर दिसायला नको, असं वाटलं असावं. दोष कुणावर तरी जायला हवा होता आणि तो अशा बाईवर गेला, जिच्या बाजूने बोलायला गोष्टीत कुणी नव्हतं. गोष्टीतल्या राणीला शेवटी तापून लाल झालेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावं लागतं. गोष्टीबाहेरच्या सावत्र आयांकडे लोक ज्या नजरेने पाहत आले, त्यात या एका दुरुस्तीचा वाटा किती असेल, याचा विचार माझी पाठ सोडत नाही.

मराठीत तर हे काम फार आधी आणि फार धारदारपणे झालेलं आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त अवतारांच्या कथा उलट्या बाजूने वाचून दाखवल्या. वामनाच्या पायाखाली गेलेला बळी तिथे प्रजेचा कैवारी होतो आणि तीन पावलं जमीन मागणारा आक्रमक ठरतो. बळीचं मन किती कोमल होतं हे सांगण्यात फुल्यांना रस नव्हता. ही गोष्ट कुणी लिहिली, कुणाच्या फायद्यासाठी लिहिली आणि ती ऐकत पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून कोण जगलं, हे त्यांचे प्रश्न होते. दैत्य म्हणून ज्याला गाडलं त्याच्याकडून गोष्ट पाहिली की जमीन कुणाची होती हे दिसायला लागतं.

परदेशातलं याच जातीचं एक चांगलं उदाहरण म्हणजे ओझ या काल्पनिक देशातल्या चेटकिणीचं. एल. फ्रँक बाउमच्या १९०० सालच्या पुस्तकात पश्चिमेकडच्या चेटकिणीला एकच डोळा आहे, दुर्बिणीसारखा लांबवर पाहणारा, आणि नाव नाही. हिरवी कातडी तिला मिळाली ती १९३९ च्या चित्रपटात. १९९५ साली ग्रेगरी मॅग्वायरने 'विकेड' या कादंबरीत तिला नाव दिलं एल्फाबा, बाउमच्याच आद्याक्षरांच्या उच्चारावरून बांधलेलं. या कादंबरीतल्या राज्यात माणसांसारखे बोलणारे, शिकवणारे प्राणी आहेत आणि त्यांचे हक्क एकेक करून काढून घेतले जात आहेत. एल्फाबा त्या सत्तेच्या विरोधात जाते. 'दुष्ट' हा शब्द राज्यकर्त्याच्या हातात शिक्क्यासारखा असतो, हवा तेव्हा हव्या त्या कपाळावर मारता येतो, हे वाचताना आपल्याला कळत जातं. आणि तरी मॅग्वायर तिला सोपी करत नाही. ती चुकते, हट्टाला पेटते, शेवटी शेवटी तिचा तोलही सुटतो. तिचे कपडे पेटतात, मूळ गोष्टीची नायिका असलेली लहान मुलगी डोरोथी आग विझवायला पाणी ओतते आणि ती मरते.

२००३ साली याच कादंबरीवरची संगीतिका न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आली. तीत ती मरत नाही. मरणाचं सोंग करून आपल्या प्रियकराबरोबर निघून जाते. संगीतिका लोकांना आवडली आणि का आवडली हे मला समजतं. पण आठ वर्षांत एका अवघड बाईची सर्वांची लाडकी नायिका झाली. पुढे या वाटेवरून चाललेल्या बहुतेकांनी कादंबरी सोडली आणि संगीतिकेचा हा शेवट तेवढा उचलला.

इथेच दोन गोष्टींची गल्लत होते आणि माझं भांडण त्या गल्लतीशी आहे. काहींवर दुष्टपणाचा शिक्का दुसऱ्यांनी मारलेला असतो. बळी तसा आहे, सावत्र आया तशा आहेत. त्यांची गोष्ट उलटून सांगणं हा सरळ न्याय आहे, तो कितीही उशिरा मिळो. पण काहींनी खरोखरच कुणाचं तरी वाटोळं केलेलं असतं. त्यांच्या बाजूने गोष्ट सांगायचीच असेल तर ते कृत्य गोष्टीच्या मधोमध राहिलं पाहिजे, कारण ती गोष्ट त्या कृत्याचीच आहे. आज दुसऱ्या प्रकारच्या पात्रांना पहिल्या प्रकारचा पोशाख चढवला जातो. ज्यांनी अन्याय केला त्यांना अन्यायाचे बळी म्हणून उभं केलं जातं.

डोडी स्मिथने १९५६ साली लिहिलेल्या बालकादंबरीतली क्रुएला घ्या. ठिपकेदार कुत्र्यांची पिल्लं पळवायची आणि त्यांच्या कातड्याचे कोट शिवायचे, यासाठीच ती जगाच्या लक्षात राहिली. २०२१ साली तिच्या तरुणपणावर चित्रपट निघाला. त्यात ती एकाही कुत्र्याला मारत नाही. उलट त्या ठिपकेदार कुत्र्यांनीच तिला वाढवणाऱ्या आईला कड्यावरून खाली ढकललेलं असतं, आणि त्यामागे क्रुएलापेक्षा कितीतरी दुष्ट अशी दुसरी एक बाई असते. ज्या कृत्यामुळे हे पात्र जन्माला आलं तेच काढून टाकल्यावर उरते ती एक हुशार, दुखावलेली, कपड्यांची विलक्षण जाण असलेली मुलगी. तिची गोष्ट जरूर सांगावी. पण मग तिला क्रुएलाचं नाव कशाला द्यायचं? आणि ती पिल्लं? मूळ पुस्तकात ती भुंकत होती, पळत होती, थंडीने काकडत होती. नव्या गोष्टीत त्यांच्यासाठी जागा नाही आणि त्यांच्या जातीवरच खुनाचा आळ आहे.

खलपात्राची नवी गोष्ट हातात आली की मी एवढंच पाहते, की ज्याचं नुकसान झालं तो या गोष्टीत कुठे आहे? त्याला अजून तोंड आहे का?

या कसोटीवर २०१४ चा 'मलेफिसंट' हा चित्रपट अर्धा उतरतो आणि ते अर्धं मला मोलाचं वाटतं. झोपलेल्या राजकन्येवरच्या १९५९ च्या चित्रपटात डिस्नेने तेरावीला हे नाव दिलं होतं. नव्या चित्रपटात तिच्या विश्वासातला तरुण राजा व्हायच्या लोभाने तिचे पंख कापून नेतो आणि ती सूड म्हणून त्याच्या मुलीला शाप देते. शाप पुसून टाकलेला नाही, हे महत्त्वाचं. पुढे त्या मुलीवर तिचा जीव जडतो. ती झोपलेल्या मुलीशेजारी उभी राहून शाप मागे घ्यायची धडपड करते आणि तिचेच शब्द तिला मागे घेता येत नाहीत. खलपात्राच्या बाजूने गोष्ट का सांगावी, याचं उत्तर मला त्या एका प्रसंगात मिळालं. आपण केलेलं आपल्यालाच उलटवता येत नाही, हे आतून पाहायला मिळतं. मुलीलाही शाप कुणी दिला ते कळतं आणि ती तोंडावर विचारते. पण चित्रपटाला तेवढ्यावर थांबता येत नाही. कुणीतरी पूर्ण काळा हवाच असतो, म्हणून तो राजा शेवटपर्यंत काळा होत जातो आणि मनोऱ्यावरून पडून मरतो. त्याची बाजू कुणी ऐकत नाही. खुर्ची तीच राहिली, बसणारा तेवढा बदलला.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त टोचते. या गोष्टींमध्ये जखम आणि दुष्टपणा यांचं समीकरण फार झटपट मांडलं जातं. लहानपणी मार खाल्ला, म्हणून राक्षस. चेहरा विद्रूप झाला, म्हणून चेटकीण. व्रण, कुबड, लंगडा पाय यांच्यावरून खलनायक ओळखायची जुनी खोड या नव्या गोष्टींनी मोडायला हवी होती. त्यांनी तिला कारणमीमांसा जोडून दिली. ज्यांच्या वाट्याला ताट आलं नाही अशी असंख्य माणसं या जगात आहेत आणि त्यातली बहुतेक कुणाच्या बाळाला शाप देत नाहीत. उपाशीपोटी परत जातात, रडतात, कधीकधी दुसऱ्या कुणाला तरी आपल्याबरोबर बसवून जेवतात. जखमेतून दुष्टपणा आपोआप उगवतो असं सांगणारी प्रत्येक गोष्ट या माणसांवर अन्याय करते.

मराठी वाचकाला हे कर्णावरून लगेच समजेल. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली, आणि तेव्हापासून मराठी घरांत कर्णावर माया करत वाढलेल्या माणसांना गणती नाही. मी त्यांतलीच एक. सूतपुत्र म्हणून झालेले त्याचे अपमान मला तोंडपाठ होते. पुढे व्यासांचं महाभारत वाचलं आणि सभापर्वात अडकले. द्यूताच्या त्या सभेत द्रौपदीला 'बंधकी', म्हणजे कुलटा, म्हणणारा आणि तिची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. मला ते पान नको होतं. खूप दिवस मी ते मनातल्या मनात उलटून टाकत होते, माझा कर्ण जपण्यासाठी. मग उद्योगपर्वात कृष्णाशी बोलताना कर्ण स्वतःच म्हणतो, की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडवट बोललो त्या कर्माचा आज मला ताप होतो आहे. ते वाचल्यावर कळलं, की त्याला जपण्यासाठी मी जे लपवत होते ते तो स्वतः लपवत नव्हता. त्याच्या अपमानाइतकाच त्याचा अपराधही त्याचाच होता आणि मी तो त्याच्याकडून काढून घेतला होता. मी कर्णावर आजही जीव टाकते. आता द्रौपदीसकट.

या सगळ्या प्रकारालाच विरोध करणारेही आहेत. त्यांचं म्हणणं असं, की परीकथा ही मुलांची पहिली नीती; तिथे राक्षस राक्षसच असू द्या, नाहीतर चांगलं-वाईट यांतला फरकच मुलांना कळेनासा होईल. ही भीती मला पोकळ वाटत नाही, पण ती चुकीच्या दाराशी उभी आहे. राक्षसाला मन आहे हे कळल्याने मुलं गोंधळत नाहीत. ती रोज पाहतात, की आवडता मित्र ढकलून देतो आणि रागीट शेजारीण पडलेल्याला उचलते. ती गोंधळतात ते, 'त्याला वाईट वाटलं होतं' या वाक्यानंतर 'म्हणून तुला लागलं ते लागलं नाही' असं सांगितलं की.

आणि ज्या गोष्टींवर निव्वळ काळं-पांढरं असल्याचा ठपका येतो त्यांतही बारकाईने पाहिलं तर फटी असतात. टोलकिनच्या १९५४ च्या 'द टू टॉवर्स' या कादंबरीत नायकाचा साथीदार सॅम याच्यासमोर शत्रूकडचा एक सैनिक मरून पडतो. मानेत बाण, पालथा चेहरा, सावळ्या हातात अजून मोडक्या तलवारीची मूठ. सॅमला चेहरा दिसत नाही याचंच बरं वाटतं. याचं नाव काय असेल, हा कुठला असेल, हा खरंच मनाने वाईट होता की कुणाच्या थापांनी, धमक्यांनी घरापासून इतका लांब आला, असं काहीबाही त्याच्या मनात येतं. त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे दोन ऑर्क, म्हणजे शत्रूच्या फौजेतले राक्षसी सैनिक, शाग्रट आणि गोर्बाग, आपसात कुजबुजत असतात, की लढाई संपली की चार विश्वासू पोरं घेऊन कुठेतरी सटकू, जिथे लूट हाताशी असेल आणि डोक्यावर साहेब नसतील. कंटाळलेल्या सैनिकांचं बोलणं आहे ते, आणि त्यात लुटीची हावही तशीच आहे. रशियन लेखक किरिल येस्कोवने १९९९ साली याच जगाची उलटी गोष्ट लिहिली, तीत मॉर्डोर, म्हणजे टोलकिनकडचा शत्रूचा देश, हा विज्ञानाकडे निघालेला देश आहे आणि जिंकणाऱ्यांनी इतिहास आपल्याला हवा तसा लिहून घेतला आहे. कल्पना जबरदस्त आहे. तरी त्या सैनिकाची मोडकी तलवार मला त्या सगळ्या उलथापालथीहून जड वाटते. तिथे कुणी निर्दोष ठरलेलं नाही आणि तरी मेलेला माणूस माणूस झालेला आहे.

प्राचीन संस्कृत नाटककार भासाच्या 'ऊरुभंगा'त हेच किती आधी साधलेलं आहे. भीमाच्या गदेने मांड्या मोडलेला दुर्योधन धुळीत पडला आहे. त्याचा लहानगा मुलगा, दुर्जय, त्याला शोधत येतो आणि सवयीने मांडीवर बसायला बघतो. बाप त्याला बसू देत नाही; ते आसन आता उरलेलं नाही, असं सांगतो. आपल्या डोळ्यांत पाणी येतं ते दुर्योधनासाठी. पण मोडलेली ही मांडी तीच आहे, जी त्याने भरसभेत द्रौपदीला दाखवली होती. नाटक ऐकणाऱ्याला हे आठवल्याशिवाय राहत नाही आणि आठवलं म्हणून रडू थांबत नाही.

मागे मी मुलांच्या एका लेखन शिबिरात लाल टोपीवालीची गोष्ट लांडग्याच्या बाजूने लिहायला दिली होती. पेरोच्या गोष्टीत मुलगी गिळली जाते आणि गोष्ट तिथेच संपते. ग्रिमच्या गोष्टीत शिकारी झोपलेल्या लांडग्याचं पोट कात्रीने उघडतो आणि आजी-नात जिवंत बाहेर येतात. मी ग्रिमची सांगितली होती. बहुतेक मुलांनी लांडग्याला आई नसलेली, शिकाऱ्याने बाप मारलेला, आठ दिवसांची भूक, असं सगळं दिलं. तीन-चार जणांनी शेवटी त्याची आजीशी मैत्री करून दिली. मन लावून लिहिलं होतं सगळ्यांनी.

नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने पानभरच लिहिलं होतं आणि ती हळू आवाजात वाचत होती. तिच्या लांडग्याला भूक होती, एवढंच. आईबापांचं काही नव्हतं. तो खातो, पलंगावर आडवा होतो, पण त्याला झोप येत नाही. आजी आजारी होती ना, म्हणून आत तिला खोकला येतोय. लहान मुलगी तिला विचारतेय, आजी, पाणी देऊ का, आणि आत पाणी नाहीये. लांडगा कानांवर पंजे ठेवतो. मग या कुशीवर वळतो, मग त्या कुशीवर. कुठल्याही कुशीवर वळलं तरी खोकला तेवढाच ऐकू येतो.